वेबसाइटच्या पानाचं टायटल: आधी दुकानाचं नाव की गिऱ्हाइकाचा शब्द?

नाशिकमधल्या छोट्या-मोठ्या व्यवसायांच्या चार-पाच वेबसाइट ओळीने उघडा आणि ब्राउझरच्या टॅबवर काय लिहिलंय ते वाचा. एखादीवर नुसतं 'होम' असतं. एखादीवर 'वेलकम टू अमुक एंटरप्रायझेस', आणि आतल्या सगळ्या पानांवरही तेच. तिसरीवर सापडतं 'पैठणी नाशिक, बेस्ट पैठणी नाशिक, स्वस्त पैठणी, पैठणी शॉप नियर मी' आणि दुकानाचं नाव औषधालाही नाही. पहिल्या दोघांना गूगलवर अनोळखी गिऱ्हाईक सापडत नाही. तिसऱ्याकडे आलंच, तर आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे त्याला कळत नाही.

टायटल म्हणजे पानाच्या कोडमधली एक ओळ. पानावर ती दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पण गूगलच्या निकालात जी मोठी निळी ओळ दिसते ती बहुतेक वेळा हीच असते. टॅबवर, बुकमार्कमध्ये आणि व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवल्यावरही अनेकदा हीच ओळ झळकते. जागा मोजकीच, आणि त्या जागेवर दोन दावेदार: तुमचं नाव, आणि गिऱ्हाईक शोधताना टाइप करतं ते शब्द.

कुणाला किती जागा द्यायची हे एका प्रश्नावर ठरतं, आणि तो प्रश्न प्रत्येक पानासाठी वेगळा विचारायचा: या पानावर येणाऱ्या माणसाला तुमचं नाव आधीपासून माहीत आहे का? माहीत असेल तर नाव पुढे. नसेल तर त्याला हवी असलेली वस्तू पुढे आणि नाव शेवटी. संपूर्ण साइटला एकच साचा लावून मोकळं होण्याची सवय आधी सोडायला हवी.

उदाहरणासाठी येवल्याच्या हातमागाच्या पैठण्या विकणारं नाशिकमधलं एक दुकान धरू. नाव धरू 'अबक'. पाटीवर पूर्ण नाव 'अबक सिल्क अँड सारीज प्रायव्हेट लिमिटेड'.

आधी आहे ते मांडून बघा

एक साधी एक्सेल शीट घ्या. पहिल्या रकान्यात पानाचा पत्ता, दुसऱ्यात आजचं टायटल, तिसऱ्यात हे पान कुणासाठी आहे ते, चौथ्यात नवं टायटल. टायटल बघायला टॅबवर माउस नेला तरी पुरतं. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि यू दाबून सोर्समध्ये, म्हणजे पानाच्या कोडमध्ये, बघितलं तर अगदी नेमकं दिसतं. पानं शेकड्यांनी असतील तर स्क्रीमिंग फ्रॉग हे सॉफ्टवेअर सगळी टायटलं एका यादीत काढून देतं. त्याची मोफत आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते, आणि दुकानाच्या साइटला तेवढं पुष्कळ झालं.

यादी समोर आली की तीन आजार लगेच दिसतात: एकच टायटल अनेक पानांवर, टायटल रिकामं किंवा 'होम', आणि नाव दोनदा. तिसरा आजार वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर फार आढळतो. योस्ट किंवा रँक मॅथसारखं प्लगइन (साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) साच्यातून साइटचं नाव आपोआप जोडतं, आणि लिहिणाऱ्यानेही ते हाताने लिहिलेलं असतं. मग 'कडियल पैठणी – अबक – अबक' असं होतं. नाव साच्यात ठेवायचं की हाताने लिहायचं हे एकदाच ठरवा. माझ्या मते साच्यात ठेवावं, आणि जिथे वेगळं हवं तिथेच हाताने बदलावं.

लोक नावाने शोधतात की वस्तूने?

इथे अंदाज नको. साइट कुठल्या शोधांत दिसली ते सांगणारं गूगल सर्च कन्सोल फुकट आहे आणि तुमच्याच साइटचे गेल्या १६ महिन्यांचे आकडे त्यात असतात. 'परफॉर्मन्स' उघडा आणि क्वेरीवर, म्हणजे लोकांनी शोधताना टाइप केलेल्या शब्दांवर, फिल्टर लावा. एकदा 'अबक' असलेल्या क्वेरी बघा, मग 'अबक' नसलेल्या. नाव लोक वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात: देवनागरीत, इंग्रजीत, एक अक्षर जास्त, एक कमी. त्यासाठी फिल्टरमध्ये रेजेक्सचा, म्हणजे अनेक रूपं एकदम शोधण्याच्या सांकेतिक पद्धतीचा, पर्याय आहे. नावाची सगळी रूपं मध्ये उभी रेघ (|) देऊन एका ओळीत लिहिली की एकत्र मोजली जातात.

फार थोड्या लोकांनी विचारलेल्या क्वेरी गूगल गोपनीयतेसाठी यादीत दाखवत नाही. लहान साइटवर त्यामुळे यादीची बेरीज वरच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. हिशोब चुकला म्हणून घाबरू नका. नावाचे आणि वस्तूचे शोध यांचं आपसातलं प्रमाण बघा.

याच यादीत गिऱ्हाइकाचे खरे शब्द सापडतात. दुकानदार 'एक्स्क्लुझिव्ह ब्रायडल कलेक्शन' लिहितो. लोक शोधतात 'कडियल पैठणी', 'सेमी पैठणी किंमत', 'ओरिजिनल पैठणी कशी ओळखायची'. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराच्या साइटवर 'टोटल इंजिनिअरिंग सोल्युशन्स' असतं. पुण्याचा परचेसवाला 'सीएनसी टर्निंग जॉबवर्क नाशिक' टाइप करतो. टायटलमध्ये समोरच्याचे शब्द जायला हवेत. सर्च कन्सोलमध्ये अजून काहीच जमा झालं नसेल तर काउंटरवर बसा आणि फोनवर लोक काय विचारतात ते दोन-चार दिवस वहीत लिहा. ही पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ते शब्द गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने उच्चारलेले असतात.

पानागणिक निवाडा

होमपेजवर नाव पहिलं. तुमचं नाव शोधणाऱ्याला होमपेजच हवं असतं. पण नावावर थांबू नका. काय विकता आणि कुठे, हे लगेच मागे यावं:

अबक – येवल्याच्या हातमाग पैठण्या, नाशिक

'वेलकम टू' हे दोन शब्द जागा खातात आणि काहीच सांगत नाहीत. 'नाशिकमधील नं. १' हेही तसंच. कुणी ठरवलं नं. १, हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि तसा दावा प्रत्येक गल्लीत एक जण करतो.

प्रकारांची पानं आणि वस्तूंची पानं ही अनोळखी माणसांची. तिथे वस्तू आधी, नाव शेवटी:

कडियल पैठणी, हातमागावर विणलेली – अबक

बांगडी मोर पैठणी, जांभळा रंग – अबक

दुसऱ्या उदाहरणात रंग उगाच घातलेला नाही. एकाच प्रकारच्या वीस साड्यांची वीस पानं असली आणि सगळ्यांचं टायटल 'बांगडी मोर पैठणी – अबक' असलं, तर त्यांतलं कुठलं दाखवायचं हे गूगललाही कळत नाही आणि माणसालाही. फरक टायटलमध्येच दिसला पाहिजे. इथे शेवटी पूर्ण नाव, म्हणजे 'अबक सिल्क अँड सारीज प्रायव्हेट लिमिटेड', कधीही लावू नका. निम्मी ओळ त्यातच संपते. लोक दुकानाला तोंडी ज्या नावाने ओळखतात ते छोटं नाव ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा.

दुकानाच्या नावातच वस्तू असेल तर पुनरुक्ती होते. नाव 'अबक पैठणी' असेल तर 'कडियल पैठणी – अबक पैठणी' असं लिहू नका; शेवटी 'अबक' पुरे.

माहितीच्या लेखांवर प्रश्न हाच राजा. 'हातमागाची पैठणी कशी ओळखायची? काठाची मागची बाजू बघा' असं टायटल मला आवडतं, कारण त्यात प्रश्न आहे आणि उत्तराची चुणूकही आहे. हाती विणलेल्या पैठणीचा काठ-पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, तरंगते धागे नसतात. हे जाणणारा दुकानदार आहे, एवढं त्या ओळीतूनच कळतं. अशा टायटलला जागा कमी पडत असेल तर नाव खुशाल काढा. ऑक्टोबर २०२२ पासून गूगल मोबाइलवरच्या निकालात आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवरही टायटलच्या वरच्या ओळीत साइटचं नाव वेगळं दाखवू लागलं आहे. म्हणजे शेपटीतलं नाव गेलं तरी तुमची ओळख त्याच निकालात वर दिसते.

ते वरचं नाव मात्र नीट यावं लागतं. होमपेजच्या कोडमध्ये 'वेबसाइट' प्रकारचा स्ट्रक्चर्ड डेटा (गूगलला वाचता येईल अशा ठरावीक रचनेतली माहिती) असतो आणि त्यात 'नेम'चा रकाना. गूगल नाव ठरवताना तो रकाना, होमपेजचं टायटल, तिथली मोठी मथळ्याची ओळ अशा गोष्टी बघतं. प्लगइनच्या सेटिंगमध्ये वेबसाइटचं नाव विचारतात ते याच कामासाठी. तिथेही छोटं नाव टाका. एका डोमेनला एकच नाव मिळतं, आतल्या फोल्डरला वेगळं मिळत नाही.

आणि आता बहुतेक जण विसरतात ती पानं: संपर्क, आमच्याविषयी, शाखा, ऑर्डर कुठे पोचली ते बघण्याचं पान. यांच्याकडे येणाऱ्याला नाव माहीत असतंच. मेनरोडवरून जाताना पाटी वाचलेली असते, कार्ड खिशात असतं, किंवा नणंदेने सांगितलेलं असतं. तो 'अबक पत्ता', 'अबक फोन नंबर' असंच शोधणार. म्हणून इथे पुन्हा नाव पुढे: 'अबक – पत्ता, फोन, दुकानाची वेळ'. नुसतं 'कॉन्टॅक्ट अस' लिहून ठेवणं म्हणजे पक्कं गिऱ्हाईक दारातून परत पाठवणं. कारखान्यांच्या बाबतीत तर हे पान सगळ्यात मोलाचं. कोटेशन हातात पडलं की परचेसवाला आधी कंपनीचं नाव गूगलवर टाकून बघतो.

गावाचं नाव

गिऱ्हाईक दुकानात यावं अशी अपेक्षा असेल तर 'नाशिक' हवंच, पण एकदाच. 'नाशिक, पंचवटी, सातपूर, अंबड, सिडको, नाशिक रोड, देवळाली' अशी रांग लावू नका. शब्द कोंबलेलं टायटल गूगल अनेकदा स्वतःच बदलून टाकतं. नाशिक रोडला खरोखर शाखा असेल तर त्या शाखेचं वेगळं पान करा, तिथला पत्ता-फोटो द्या आणि त्या पानाच्या टायटलमध्ये 'नाशिक रोड' लिहा.

माल कुरिअरने देशभर जात असेल तर विचार बदलतो. पैठणीच्या बाबतीत बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या मनात 'येवला' हे नाव 'नाशिक'पेक्षा जास्त वजनदार असतं. माल खरंच येवल्याचा असेल तर वस्तूच्या पानावर तेच लिहा, आणि नाशिक होमपेजवर आणि संपर्काच्या पानावर राहू द्या. दिंडोरी-पिंपळगावकडून द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्याला याउलट 'नाशिक' सोडून चालायचं नाही, कारण द्राक्ष आणि नाशिक हे बाहेर एका दमात घेतलं जातं.

इंग्रजीत गावाचं नाव दोन तऱ्हेने लिहितात, एच घालून आणि एच न घालता. दोन्ही टायटलमध्ये घुसवण्याची गरज नाही. एच असलेलं आजचं अधिकृत रूप ठेवा. दुसऱ्या रूपाने शोधणाऱ्यांना गूगल बरोबर आणून पोचवतं.

सिंहस्थ आणि वर्षाचा आकडा

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, त्यामुळे लॉज, गाड्या, जेवणावळी, सगळ्यांच्या साइट नव्याने होताहेत. इथे एक काळजी घ्या. त्र्यंबकेश्वरच्या लॉजचं कायमचं पान 'त्र्यंबकेश्वर मंदिराजवळ फॅमिली रूम – अबक लॉज' असंच राहू द्या. सिंहस्थासाठी वेगळं पान करा, 'सिंहस्थ २०२७: त्र्यंबकेश्वरला राहण्याची सोय – अबक लॉज', आणि त्यावर पर्वणीच्या दिवसांतले दर, गाडी कुठपर्यंत येते, चालायचं अंतर हे स्पष्ट द्या. मुख्य पानाच्या टायटलमध्येच २०२७ घातलं तर पुढे ते शिळं होतं. २०१५ च्या सिंहस्थाची टायटलं मिरवणारी पानं पुढे कित्येक वर्षं तशीच पडून होती. पानावर एक साल आणि टायटलमध्ये जुनं साल असं दिसलं की गूगलही ते टायटल बाजूला ठेवून पानावरचं घेऊ शकतं.

'मंदिराजवळ' हा शब्दही खरा असू द्या. वाचून आलेल्या माणसाला रिक्षा करावी लागली तर तो रिव्ह्यूमध्ये तसं लिहितो.

लांबी: अक्षरं मोजू नका

गूगलने टायटलला लांबीची मर्यादा घातलेली नाही, पण दाखवताना ते पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापतं. कॉम्प्युटरवर साधारण ६०० पिक्सेलपर्यंत (पडद्यावरच्या ठिपक्यांपर्यंत) ओळ दिसते. इंग्रजीसाठी त्याचा हिशोब ५० ते ६० अक्षरं असा सांगतात, आणि प्लगइनमधली हिरवी-लाल पट्टी काही ठिकाणी त्याच हिशोबावर चालते. मराठीला तो लागू पडत नाही. 'त्र्यंबकेश्वर' आपण पाच अक्षरांत वाचतो. कॉम्प्युटर प्रत्येक व्यंजन, हलन्त, मात्रा, अनुस्वार वेगळा धरतो आणि तेरा मोजतो. 'द्राक्ष' आपल्याला दोन अक्षरं, त्याला सात. मोजणी तेरा झाली तरी पडद्यावर तेरा इंग्रजी अक्षरांएवढी जागा लागत नाही, कारण वेलांट्या-मात्रा वर-खाली बसतात. म्हणून पिक्सेल मोजून निकालाचा नमुना दाखवणारं टूल वापरा, आणि तेही मोबाइलच्या दृश्यात बघा.

महत्त्वाचे शब्द पहिल्या अर्ध्या भागात बसवा. मग शेवट कापला गेला तरी नावाची शेपटी जाते, वस्तू राहते. कापायची वेळ तुमच्यावर आली तर क्रम असा: आधी 'बेस्ट', 'एक्स्क्लुझिव्ह' वगैरे विशेषणं, मग नावातलं 'प्रायव्हेट लिमिटेड', मग दुसऱ्यांदा आलेला शब्द, आणि शेवटी नाव. वस्तूला हात लावू नका.

टायटल कुठल्या लिपीत?

पान मराठीत असेल तर टायटल मराठीत, देवनागरीत. पान इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात म्हणून मराठी पानाला रोमन टायटल देण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नका. जून २०२२ मध्ये गूगलने जाहीर केलं की टायटल आणि पानावरचा मजकूर वेगळ्या भाषेत किंवा लिपीत असेल, तर ते मजकुराच्या लिपीशी जुळणारं टायटल निवडण्याचा प्रयत्न करतं. म्हणजे तुमची मेहनत वाया. दोन्ही भाषांचं गिऱ्हाईक असेल तर दोन स्वतंत्र पानं करा. दुकानाचं नाव मात्र इंग्रजी पानावर ज्या स्पेलिंगने लिहाल तेच सगळीकडे ठेवा.

तरीही गूगलने बदललं तर

ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने टायटल तयार करण्याची पद्धत बदलली तेव्हा बऱ्याच साइटवाल्यांची झोप उडाली होती. पुढच्याच महिन्यात त्यांनी सुधारणा केली आणि सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा साइटने दिलेलं टायटलच वापरलं जातं. तुमचं बदललं जात असेल तर कारण सहसा तुमच्याच पानावर सापडतं: टायटल एक सांगतं आणि पानावरचा मोठा मथळा दुसरंच; किंवा टायटलचा अर्धा भाग रिकामा, नुसतं '– अबक'; किंवा शंभर पानांना जवळजवळ एकच ओळ. मथळा आणि टायटल शब्दाला शब्द सारखे नकोत, पण एकाच वस्तूबद्दल बोलत असावेत.

बदल आणि मोजणी

सगळी साइट एका रात्रीत बदलू नका. जिथे इंप्रेशन (निकालात पान दिसण्याच्या वेळा) भरपूर आणि क्लिक थोडे आहेत अशी मोजकी पानं निवडा. टायटल बदला, तारीख शीटमध्ये लिहा, सर्च कन्सोलमध्ये त्या पत्त्याची तपासणी करून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलने पान पुन्हा वाचून नोंदवण्याची, विनंती टाका आणि काही आठवडे हात लावू नका. मग बदलाआधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस शेजारी ठेवून बघा.

बघताना नावाच्या क्वेरी वगळा. नावाने शोधणारा क्लिक करतोच; त्याचे क्लिक मिसळले की टायटल उत्तम चाललंय असा भास होतो. फक्त वस्तूच्या क्वेरी घ्या, आणि निकालातलं सरासरी स्थान तेवढंच असताना क्लिकचं प्रमाण वाढलं का ते बघा. स्थानच वर गेलं असेल तर वाढलेल्या क्लिकचं श्रेय टायटलला देता येत नाही. हंगामाचंही भान ठेवा. द्राक्षांचे शोध जानेवारी ते एप्रिल चढे, पैठणीचे लग्नसराईत आणि दिवाळीआधी. अशा वेळी मागच्या महिन्याशी तुलना फसवी ठरते. मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी करा. १६ महिन्यांची नोंद त्यासाठीच उपयोगी पडते.

याच धडाक्यात कुणी तुम्हाला सांगेल की गूगल मॅपवरच्या बिझनेस प्रोफाइलमध्येही 'अबक – बेस्ट पैठणी शॉप नाशिक' असं नाव करून टाका. ते करू नका. प्रोफाइलवर पाटीवरचं खरं नाव असावं असा गूगलचा नियम आहे, आणि जास्तीचे शब्द घातले तर प्रोफाइल बंद होऊ शकतं. वस्तूचे शब्द टायटलमध्ये चालतात, प्रोफाइलच्या नावात नाही.

दर सहा महिन्यांनी नावाच्या आणि वस्तूच्या क्वेरींचं प्रमाण पुन्हा काढा. नाव आणि वस्तू एकत्र शोधणारे, म्हणजे 'अबक कडियल पैठणी' असं टाइप करणारे दिसू लागले, की ज्या पानांवरून जागेअभावी नाव काढलं होतं तिथे ते शेवटी परत लावा.